बदकाच्या पायातली अंगठी आणि रद्दीत गेलेली वही

आपल्या मंडळात वाचले जाणारे निबंध बहुधा वाडे, छत्र्या, सनदा आणि सरदार घराणी यांच्यावरचे असतात. मी आज बदकांवर बोलणार आहे. हसू नका. मराठी संस्थानांच्या इतिहासाचं एक पान या पाखरांच्या पायाला बांधलेलं आहे, आणि त्यातलं एक पान माझ्याच हातून रद्दीत गेलं. दोन्हीची हकीकत सांगतो.

निमित्त असं झालं. माझ्या पुतणीची मुलगी यंदा बी.एस्सी. झाली. तिला पाणपक्ष्यांचा अभ्यास करायचा आहे, तोही हौस म्हणून नव्हे तर पोटापाण्याचा व्यवसाय म्हणून. तिचे वडील माझ्याकडे आले आणि म्हणाले, "नाना, तुम्ही आयुष्यभर प्राणिशास्त्र शिकवलंत, तुम्हीच तिची समजूत घाला. बदकं मोजून कुणाचं पोट भरलंय?" हे वाक्य मी पन्नास वर्षांपूर्वी माझ्या वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या, तोंडून जसंच्या तसं ऐकलं होतं. तेव्हा मी गप्प बसलो आणि कॉलेजात व्याख्याता झालो. या वेळी मात्र लगेच उत्तर द्यायच्या ऐवजी म्हटलं, आधी बघू तरी की आपल्या मुलखात हा व्यवसाय उभा कसा राहिला.

माझे आजोबा माळव्यातल्या एका संस्थानात शिकारखात्याकडे कारकून होते. शिकारखातं म्हणजे नुसते वाघ नव्हेत. हिवाळ्यात तळ्यांवर बदकं उतरली की पाहुणे येत, मचाणं आणि आडोसे बांधले जात, नावा काढल्या जात. आजोबांचं काम वही ठेवण्याचं. मी लहान असताना ते ट्रंकेतून त्या वह्या काढून उन्हात टाकायचे आणि वाचून दाखवायचे. तारीख, तळं, बंदुका किती, नग किती. पुढं जातवारी: तलवार बदक, थापट्या, अडई, चक्रवाक, वारकरी. वारकऱ्याला कुणी खात नसे, पण नेम लागला म्हणजे नोंद व्हायची. वह्या मोडीत होत्या. आजोबा १९६२ साली गेले आणि त्यांच्याबरोबर घरातलं मोडी वाचणंही गेलं.

१९७४ च्या दिवाळीआधी घराला चुना द्यायचा होता. ट्रंक रिकामी करा असं आईनं सांगितलं. मी तेव्हा एम.एस्सी. होऊन वर्ष झालं होतं. शिकलेला मुलगा मीच, म्हणून वह्या चाळायला मला बसवलं. मला अक्षर लागेना. शिवाय शिकारीची मला चीड होती. मारलेल्या पाखरांचा हिशेब जपून कुणाचं भलं होणार, असं मीच म्हणालो, आणि सायकलच्या कॅरियरला गठ्ठा बांधून रद्दीवाल्याकडे टाकून आलो. पैसे किती मिळाले तेही आठवत नाही. त्या वह्यांत काय होतं हे मला कळायला आणखी अकरा वर्षं लागली.

आता इतिहासाकडे येतो.

भारतातल्या बदकांविषयीचं जुनं ज्ञान शिकाऱ्यांनी शिकाऱ्यांसाठी गोळा केलेलं आहे. ह्यूम आणि मार्शल यांचा भारत, ब्रह्मदेश आणि सिलोनमधल्या शिकारी पक्ष्यांवरचा तीन खंडांचा ग्रंथ १८७९ ते १८८१ च्या दरम्यान निघाला. हे ह्यूम म्हणजे काँग्रेसच्या स्थापनेतले ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूमच. पुढं स्टुअर्ट बेकर या पोलीस अधिकाऱ्यानं १९०८ साली केवळ भारतीय बदकांवर मोठं पुस्तक काढलं. या लोकांना बदक कधी येतं, कुठं बसतं, काय खातं, कसं उडतं हे बारकाईनं ठाऊक होतं, कारण त्याशिवाय ते हाती लागत नाही. पण एक गोष्ट कुणालाच ठाऊक नव्हती. मार्चमध्ये आपल्या तळ्यांवरून उठलेलं बदक नेमकं जातं कुठं?

याचं उत्तर शोधायची पहिली संघटित खटपट झाली ती मुंबई-कलकत्त्याला नव्हे, तर आपल्या धारला. इंदूरपासून साठ-पासष्ट किलोमीटरवर, पवारांच्या संस्थानात. १९२६-२७ च्या सुमारास बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीनं धार दरबारच्या मदतीनं बदकं जिवंत पकडून त्यांच्या पायात क्रमांकाच्या धातूच्या अंगठ्या घालून सोडायला सुरुवात केली. भारतात पक्ष्यांना अंगठ्या घालण्याचं काम इथून सुरू झालं असं मानतात. धारला परमारांचा भोज सगळ्यांना आठवतो, पवारांची छत्री आठवते. ही अंगठी कुणाला आठवत नाही.

या अंगठीचं काम कसं चालतं ते थोडं सांगायला हवं. अंगठीवर क्रमांक असतो आणि सोसायटीला कळवा अशा अर्थाचा मजकूर असतो. बदक सोडताना क्रमांक, जात, नर की मादी, तारीख, ठिकाण हे नोंदवहीत जातं. पुढं कधीतरी, कुठंतरी ते बदक पुन्हा कुणाच्या हातात आलं आणि त्या माणसानं चिठ्ठी टाकली, तर दोन बिंदू मिळतात आणि त्यांच्यामधून एक रेघ काढता येते. हजारो अंगठ्या घालाव्यात तेव्हा मूठभर चिठ्ठ्या यायच्या. आणि त्या काळी बदक पुन्हा कुणाच्या हातात यायचं? बहुतेक वेळा शिकाऱ्याच्याच. म्हणजे ज्या विद्येनं पुढं बदक वाचवायचं होतं, ती बदक मारणाऱ्याच्या पोस्टकार्डावर अवलंबून होती. मला ही गोष्ट फार दिवस टोचत असे. आता वाटतं, इतिहास असाच असतो. सुरुवात कुणी केली त्यावरून शेवट ठरत नाही.

धारला अंगठ्या घालणं सुरू झालं त्याच सुमारास मुंबईत सालिम अली नावाचा तिशीतला तरुण प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमच्या निसर्ग-इतिहास दालनात मार्गदर्शक व्याख्याता म्हणून १९२६ साली नोकरीला लागला. त्याच्याकडे विद्यापीठाची पदवी नव्हती, आणि त्यापायी झूलॉजिकल सर्व्हेची जागा हुकली होती. आधी ब्रह्मदेशात तवॉयला घरच्या धंद्यात पडून पाहिलं होतं, तेही जमलं नव्हतं. म्युझियमच्या नोकरीतून रजा काढून तो बर्लिनला एर्विन स्ट्रेझमान यांच्याकडे शिकायला गेला. परत आला तर पैशाअभावी जागाच रद्द झालेली. मग अलिबागजवळ किहीमला राहून त्यानं सुगरणीच्या घरट्यांचं निरीक्षण केलं आणि १९३० साली त्यावरचा लेख छापला. आज तो लेख मोठा मानला जातो, पण लेखानं चूल पेटत नाही.

इथं संस्थानं पुन्हा चित्रात येतात. सालिम अलींनी तोडगा काढला तो असा: तुम्ही फक्त मुक्कामाचा आणि प्रवासाचा खर्च द्या, मी पगार मागत नाही, तुमच्या राज्यातल्या पक्ष्यांची पाहणी करून देतो. निजामाच्या हैदराबाद राज्याची पाहणी १९३१-३२ मध्ये झाली. तेव्हा त्या राज्यात औरंगाबाद, परभणी, नांदेड हा मराठी मुलूखही होता. त्यानंतर त्रावणकोर-कोचीन झालं, आणि मग आपला मध्य भारत: ग्वाल्हेर, इंदूर, भोपाळचा प्रदेश. ती पाहणी १९३९-४० मध्ये सोसायटीच्या जर्नलमध्ये छापून आली. कच्छ आणि गुजरात पुढं चाळीसच्या दशकात. यात अलींच्या पत्नी तेहमिना यांचा वाटा विसरता येत नाही. जंगलातले मुक्काम त्यांनी सोसले. १९३९ साली त्या गेल्या.

म्हणजे या देशातला पहिला पूर्णवेळ पक्षिशास्त्रज्ञ उभा राहिला तो बिनपगारी, संस्थानांच्या तंबू-बैलगाडीवर. "पोट भरतं का?" या प्रश्नाचं त्या वेळचं खरं उत्तर "नाही" असंच होतं. अण्णा चुकीचं बोलले नव्हते.

अमेरिकेत त्याच काळात वेगळं घडत होतं. १९३३ साली ऑल्डो लिओपोल्ड यांचं शिकारी प्राण्यांच्या व्यवस्थापनावरचं पुस्तक आलं आणि त्याच वर्षी विस्कॉन्सिन विद्यापीठात त्या विषयाचं अध्यासन त्यांना मिळालं. १९३४ पासून बदकांच्या शिकाऱ्याला दरसाल एक सरकारी तिकीट विकत घ्यावं लागे आणि तो पैसा पाणथळ जागा राखण्याकडे जाई. १९३७ साली शिकाऱ्यांनीच 'डक्स अनलिमिटेड' ही संस्था काढून कॅनडातल्या दलदली वाचवायला घेतल्या, कारण बदकांची पैदास तिथं होते. यातून बदकांचा जीवशास्त्रज्ञ ही पगारी नोकरी तयार झाली. आपल्याकडे मौज राजांची होती आणि खर्चही त्यांचाच. राजे गेले तसा पैसा गेला, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर, पुढं १९९१ च्या दुरुस्तीनं तर पूर्णपणे, शिकारच बंद झाली. झालं ते योग्यच झालं. पण बदकाची काळजी करण्यासाठी पैसा बाजूला काढणारा कुणी उरला नाही, हेही खरं.

शिकारीचं आणि शास्त्राचं नातं बघायचं तर भरतपूरला जावं. तिथं केवलादेवच्या तळ्याकाठी दगडावर शिकारींच्या नोंदी कोरलेल्या आहेत: तारीख, पाहुणा, बंदुका, नग. १२ नोव्हेंबर १९३८ ला व्हाइसरॉय लिनलिथगो आले होते त्या एका दिवसाचा आकडा ४,२७३ आहे. मी पहिल्यांदा तो दगड वाचला तेव्हा पायांतलं बळ गेलं. आकड्यानं नव्हे. रकाने तेच होते जे आजोबा वाचून दाखवायचे.

१९८५ साली सालिम अलींचं आत्मचरित्र आलं, ते वाचलं. आणि त्याच सुमारास शिकारवह्यांचा उपयोग कसा होतो ते समजत गेलं. एका तळ्यावर दरसाल त्याच आठवड्यात शिकार होत असेल, आणि बंदुका किती, नग किती हे लिहिलेलं असेल, तर दर बंदुकीमागं किती बदकं पडली हा हिशेब निघतो. तो वर्षानुवर्षं मांडला की पाखरं वाढली की घटली याचा अंदाज येतो. कोणती जात कधी आली, कोणती यायची थांबली, नर जास्त की माद्या, दुष्काळी साली काय झालं, सगळं त्यात असतं. वहीत खोटही असते. मोठं बदक नेमानं लिहितात, लहान सुटतं. पाहुणा बडा असला की आकडा फुगतो. पण मोजणीची पद्धत नसलेल्या काळाबद्दल सांगणारा दुसरा साक्षीदारच नाही. गुलाबी डोक्याचं बदक घ्या. बिहार-बंगालकडचं हे पाखरू, १९३५ साली दरभंग्याकडे दिसलं ती त्याची शेवटची खात्रीची नोंद मानतात. ते मुळात किती होतं, कुठं कुठं होतं, हे सांगायला शिकाऱ्यांच्या टिपणांपलीकडे आपल्याकडे फारसं काही नाही. आणि मी माळव्यातली वीस-पंचवीस वर्षं सायकलवरून नेऊन विकली होती.

भरतपूरची पुढची गोष्ट त्या मुलीला मी मुद्दाम सांगितली, कारण हा व्यवसाय करणाऱ्यानं ती विसरता कामा नये. स्वातंत्र्यानंतर ते तळं आटवून शेती करावी अशी मागणी होती. सालिम अलींनी नेहरूंपर्यंत शब्द टाकून ते वाचवलं. १९५६ साली ते अभयारण्य झालं आणि १९८२ साली राष्ट्रीय उद्यान. त्याच वर्षी तज्ज्ञांच्या सल्ल्यानं गावकऱ्यांच्या म्हशींना आत बंदी झाली. तंटा झाला, गोळीबार झाला, माणसं मेली. आणि मग सोसायटीच्याच शास्त्रज्ञांनी, डॉ. विजयन यांच्या नेतृत्वाखाली, दहा वर्षं अभ्यास करून काय सांगितलं? म्हशी गेल्यामुळे पाण्यातलं गवत माजलं, मोकळं पाणी कमी झालं आणि बदकांना जागा उरली नाही. ज्यांना शत्रू समजून हाकललं त्या म्हशी तळं साफ ठेवत होत्या. शास्त्रज्ञांनी आपलीच बाजू तपासली आणि चूक छापून जाहीर केली, हे मला फार मोलाचं वाटतं. पण मेलेली माणसं परत आली नाहीत. अभ्यास आधी आणि बंदी नंतर, असा क्रम असता तर?

दुसरी शिकवण मिरशिकारांची. बिहारमधला हा पाखरं पकडणारा समाज. जाळं, फासे, पाखराची चाल ओळखणं हे त्यांचं पिढीजात काम. सोसायटीनं १९५९ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीनं स्थलांतराचा मोठा अभ्यास हाती घेतला, तेव्हा पाखरांना इजा न करता पकडून द्यायचं काम या लोकांनी केलं. भरतपूरला अंगठी घातलेली बदकं पुढं सैबेरियापर्यंत सापडली. प्रबंधावर नाव कुणाचं आलं आणि पाण्यात पहाटे कोण उभं राहिलं, याचाही इतिहास कुणीतरी लिहायला हवा.

आता आपल्या घराकडे. मराठी राज्यकर्त्यांनी तळी बांधली ती पिण्याच्या पाण्यासाठी नाहीतर शेतीसाठी. बडोद्याकडे सयाजीरावांच्या काळातलं वढवाणा, इंदुरात होळकरांचं सिरपूर आणि गंभीर नदीवरचं यशवंत सागर, शिवपुरीला शिंद्यांचं साख्य सागर. बदकं तिथं आपसूक उतरली. वढवाणा २०२१ साली आणि बाकीची तिन्ही २०२२ साली रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांत गेली. ज्या वास्तूंचा आपण अभिमान धरतो त्यांत या तळ्यांचं नाव मी आपल्या मंडळात क्वचितच ऐकलं आहे.

आणि खरमोर. मराठीत आपण तणमोर म्हणतो. पावसाळ्यात गवताळ माळावर नर उंच उड्या मारून मादीला बोलावतो, आणि त्या उडीमुळेच शिकाऱ्याला दिसतो. विणीच्या दिवसांतच तो मारला गेला. १९८३ साली रतलामजवळ सैलाना आणि धार जिल्ह्यात सरदारपूर अशी दोन अभयारण्यं त्याच्यासाठी झाली. सरदारपूरकडे गावांच्या शेतजमिनीही हद्दीत आल्या, जमिनीचे व्यवहार अडले, आणि लोकांना त्या पाखराचं नाव नकोसं झालं. उलट शेतात खरमोर दिसल्याची खबर देणाऱ्या, त्याला राखणाऱ्या शेतकऱ्याला इनाम द्यायची वनखात्याची योजना आली, तिथं तोच शेतकरी राखणदार झाला. तरी पाखरू घटतंच आहे, कारण माळ नांगराखाली जातो आहे.

माझं म्हणाल तर १९८७ पासून आशियाई पाणपक्षी गणना सुरू झाली, आणि पुढं मी दर जानेवारीत सिरपूरला आणि यशवंत सागरला वही घेऊन जाऊ लागलो. पहाटे जायचं, एकाच जागेवरून एकाच क्रमानं मोजायचं, थवा मोठा असेल तर दहा-दहाचे गट करून अंदाज बांधायचा, उडालेलं पाखरू दुसऱ्यांदा मोजायचं नाही, आणि जे ओळखलं नाही ते "अनोळखी" म्हणूनच लिहायचं. परतताना पोहे-जिलबी. रकाने मी आजोबांचेच ठेवले आहेत. फक्त "बंदुका" च्या जागी "मोजणारे" असं लिहितो.

तर पुतणीच्या यजमानांना मी काय सांगितलं? सांगितलं की अण्णांच्या वेळी रस्ता नव्हता, आता पाऊलवाट आहे. १९८२ साली डेहराडूनला भारतीय वन्यजीव संस्था निघाली, १९९० साली कोइमतूरला सालिम अलींच्या नावाची. तिथं शिकता येतं, प्रकल्पांवर काम मिळतं. नोकऱ्या थोड्या, बऱ्याचशा दोन-तीन वर्षांच्या करारावरच्या. घरापासून लांब राहावं लागेल. हे मी लपवलं नाही. मुलीला सांगितलं की पाखरू ओळखणं ही फक्त सुरुवात आहे. संख्याशास्त्र शीक, कारण बदकांचं सगळं शेवटी मोजणीवर येतं. पाण्याचं शास्त्र शीक, कारण तळं गेलं की बदक गेलं. कोळ्याशी, गुराख्याशी, शेतकऱ्याशी त्याच्या बोलीत बोलायला शीक, म्हणजे भरतपूरची चूक पुन्हा होणार नाही. आणि मोडी शीक, हे मी हळूच जोडलं. ती हसली. वडील हसले नाहीत. "बघू," म्हणाले. आमच्या घरात "बघू" म्हणजे नकार नसतो. त्यावर मी समाधानी आहे.

मंडळाकडे एक विनंती करून थांबतो. धार, देवास, इंदूर, ग्वाल्हेर, बडोदा इथल्या आपल्या घरांत शिकारखात्याचे, फरासखान्याचे, तळ्या-बागांचे कागद अजून असणार. शिकारीचा राग येत असेल तर येऊ द्या, मलाही येतो. पण गठ्ठा बांधण्याआधी मोडी वाचणाऱ्या कुणालातरी एकदा दाखवा. कोणत्या साली कोणत्या तळ्यावर चक्रवाक उतरले, एवढी एक ओळ निघाली तरी ती दुसरीकडे कुठं मिळणार नाही. मंडळानं अशा वह्यांचे फोटो काढून ठेवायचं काम अंगावर घेतलं, तर फोटो काढायला मी येईन. मोडी मला अजून नीट येत नाही. बाराखडीपर्यंत आलो आहे.